मेहरौलीच्या रानात: खरी कबर कोणती, साहेबाची हौस कोणती

दिल्लीत कुतुबमिनार बघून लोक परत फिरतात. त्याला लागूनच मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आहे, दोनशे एकरांहून मोठं आणि बरंचसं रान माजलेलं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जा. काटेसावर फुललेली असते, शेवटी शेवटी पळसही. होळीनंतर ऊन सोसत नाही.

यलो लाइनवर कुतुबमिनार स्टेशनला उतरा. रिक्षावाल्याला मात्र ‘कुतुब’ म्हणू नका, तो थेट तिकीटखिडकीपाशी नेईल. ‘जमाली कमाली’ सांगा, ही उद्यानातली जुनी मशीद. सकाळी आठच्या आत पोचा. रमतगमत फिरायला तीन तास लागतात. माणशी दीड लिटर पाणी घ्या. चप्पल नकोच: इथे वेडी बाभूळ पसरलीय, वसंतातल्या पानगळीत तिचे काटे पाचोळ्याखाली दडतात आणि पातळ तळवा सहज भेदतात.

आधी दिल्लीचा सुलतान बलबन याची कबर, साधारण 1287ची. छप्पर गेलंय, पण बघायची ती कमान, तीही खाली उभं राहून. कुतुबच्या मशिदीतल्या जुन्या कमानींत दगडांचे आडवे थर थोडे थोडे पुढे सारत नेलेत. इथे दगड पाचरीसारखे घडवून गोलाईत बसवलेत, म्हणजे वरचं वजनच त्यांना घट्ट आवळून धरतं. भारतात टिकलेली अशी ही सर्वांत जुनी कमान मानतात. शेजारीच जमाली कमालीची मशीद. तिथल्या कबरीच्या खोलीला बहुधा कुलूप असतं, पहारेकऱ्याला विचारा. आतलं लाल-निळं गिलावाकाम चुकवू नका.

पुढे गोंधळ सुरू होतो. 1840च्या दशकात थॉमस मेटकाफ या इंग्रज रेसिडेंटने, म्हणजे दिल्लीतल्या कंपनीच्या प्रतिनिधीने, अकबराचा दूधभाऊ कुली खान याची कबर घेऊन तिचं ‘दिलकुशा’ नावाचं हवापालटाचं घर केलं. चक्क कबरीतच घर! भोवती बाग आखली आणि शोभेला जुन्या धाटणीच्या वास्तू नव्याने बांधल्या. टेकाडावरची छत्री त्यातलीच. ओळखायची खूण सोपी: आत थडगं नाही आणि जागा निवडलीय ती दुरून देखणं दिसावं म्हणून. पायऱ्यापायऱ्यांचा मनोराही त्याच हौसेचा.

पायवाटा फुटत जातात, पाट्यांवर भिस्त ठेवू नका. वाट चुकली तर उंचवट्यावर चढून मिनार शोधा. कुली खानच्या कबरीपासून तो वायव्येला, अगदी जवळ दिसतो.

राजों की बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शेवटी ठेवा, ऊन वर आल्यावर. हे ‘राज’ म्हणजे राजे नव्हेत, गवंडी. एके काळी ते इथे राहत. लोदी काळातली, 1506च्या सुमाराची ही विहीर चार मजले खाली उतरते. पाण्यालगतच्या पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा फोटोसाठी तिथवर जाऊ नका. वरच्या मजल्यावरून पूर्ण विहीर दिसते.