टेसच्या डेटात ग्रह शोधताय? या चुका टाळा

इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीचा डेटा फुकट, तो हाताळणारं पायथनचं लाइटकर्व्ह पॅकेजही फुकट. त्यामुळे संध्याकाळी इन्स्टॉल आणि रात्री ‘ग्रह सापडला!’ हा प्रकार सर्रास चालतो. सापडलेला बहुतेकदा ग्रह नसतो; आणि असलेला ग्रह आपल्याच हातानं पुसला जातो, ते वेगळंच.

पुसण्याचं साधन म्हणजे पॅकेजमधली फ्लॅटन ही आज्ञा. ताऱ्याचे स्वतःचे चढउतार काढून प्रकाशवक्र (वेळेनुसार ताऱ्याच्या तेजाचा आलेख) सपाट करायला ती हवीच. पण विंडो, म्हणजे फिल्टर एका वेळी विचारात घेतो ते बिंदू, किती ठेवली असं विचारलं, की समोरचा गप्प. म्हणजे पॅकेजमधली मूळची, १०१ बिंदूंची. दर दोन मिनिटांना एक बिंदू असलेल्या डेटावर तिची होतात २०२ मिनिटं. अधिक्रमण (ग्रह ताऱ्यासमोरून जाणं, ज्यानं प्रकाशात खळगा पडतो) तीन तासांचं असेल तर फिल्टर त्या खळग्यालाच ताऱ्याचा चढउतार समजतो आणि त्याच्यासोबत खाली उतरतो. भागाकार झाल्यावर खळगा उथळ होतो आणि दोन्ही काठांवर उंचवटे येतात. ही शिंगं दिसली की समजावं, विंडो तोकडी पडली. आधीच्या केप्लर दुर्बिणीच्या, दर अर्ध्या तासाच्या डेटावर हेच १०१ बिंदू सुमारे ५० तास व्यापतात, म्हणून तिथला कोड उचलून इथे चिकटवणाऱ्याला काही बिघडल्याचं कळतही नाही. अधिक्रमणाचा भाग आधी मास्क करा, म्हणजे फिल्टरच्या हिशेबातून वगळा, आणि विंडो अधिक्रमणाच्या किमान तिप्पट ठेवा: तीन तासांना नऊ तास, म्हणजे २७१ बिंदू. आकडा विषमच हवा. सपाट करण्याआधीचा आणि नंतरचा वक्र एकावर एक काढून पाहायला दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर हा उद्योग करू नये.

बाहेर पडलेले बिंदू काढताना फक्त वरचे काढा. खालचे कापलेत तर खोल अधिक्रमणाचा तळच गेला.

टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, केप्लरचा होता ४ चा. त्यामुळे खळगा शेजारच्या पिधानकारी युग्मताऱ्याचाही (एकमेकांना आळीपाळीनं झाकणाऱ्या दोन ताऱ्यांचाही) असू शकतो. सम आणि विषम क्रमांकाचे खळगे वेगळे काढून त्यांची खोली ताडून पाहा. तफावत असेल तर ग्रहाचा नाद सोडा. शेजाऱ्याचा प्रकाश मिसळला की खोली कमी दिसते: निम्मा प्रकाश परका असेल तर ग्रहाची खरी त्रिज्या हिशेबापेक्षा १.४ पट निघते. फाइलच्या हेडरमधल्या क्राउडसॅपच्या आकड्यानं (एकूण प्रकाशात आपल्या ताऱ्याचा वाटा) खोलीला भागलं की दुरुस्ती होते, पण ती फक्त सॅप या कच्च्या वक्रासाठी. पीडीसीसॅप या सुधारित वक्रात ती आधीच केलेली असते. तिथे पुन्हा भागून ग्रह फुगवणारे कमी नाहीत.

वेळ: ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली सलग दिवसगणना) काढायला टेसच्या तारखेत २४५७००० मिळवायचे, केप्लरच्या २४५४८३३. गल्लत झाली की २१६७ दिवसांचा घोळ.

आता सगळ्यात जुनं दुखणं: दोन खळगे दिसले की मधलं अंतर मोजायचं आणि परिभ्रमणकाळ जाहीर करायचा. मे २०१६ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती तीन ग्रह जाहीर झाले. तिसऱ्याची दोनच अधिक्रमणं हाती होती. संशोधकांनी एकच आकडा ठोकून दिला नाही, ४.५ ते ७३ दिवसांमधले ११ पर्याय मांडले. त्याच वर्षी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीनं सुमारे २० दिवस तो तारा न्याहाळला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रहांची संख्या सातवर गेली. ‘तिसऱ्या’ची म्हणून धरलेल्या दोन अधिक्रमणांपैकी एक प्रत्यक्षात एकाच वेळी ताऱ्यासमोर आलेल्या तीन ग्रहांचं निघालं! सातवा ग्रह स्पिट्झरला एकदाच दिसला, त्याचा १८.७७ दिवसांचा परिभ्रमणकाळ पुढे केप्लरच्या के-२ मोहिमेतून ठरला.

तुमच्या २७ दिवसांच्या सेक्टरमध्ये (टेस आकाशाचा एक पट्टा न्याहाळते तो काळ) साडेसहाव्या आणि साडेविसाव्या दिवशी खळगे आहेत असं धरा. काळ १४ दिवस? ७ असेल तर मधला खळगा साडेतेराव्या दिवशी पडतो, म्हणजे नेमका डेटा पृथ्वीवर पाठवण्याच्या खंडात. त्याच्या आधीचा आणि नंतरचा सेक्टरच्या बाहेर. १४ ला तीननं भागलं तर मात्र जागा डेटात येते, आणि तिथे वक्र सपाट असेल तर तो पर्याय बाद. दोन्ही खळग्यांची खोली आणि रुंदी जुळत नसेल तर ते दोन वेगळे ग्रह असू शकतात. जुळत असेल तर नोंदवहीत लिहा: ‘७ किंवा १४’, आणि पुढच्या सेक्टरची वाट पाहा.