ड्रग्ज कायदेशीर केले तर गुन्हे कमी होतील का, यावर बोलायची तयारी कशी करायची

आपल्या कोल्हापुरात कॉलेजच्या वादविवादाला हा विषय आला की पोरं 'ड्रग्ज' म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात आणि तिथंच फसतात. म्हणून आधी सांगून टाका की गांजा वेगळा, एमडी म्हणजे मेफेड्रोन ही रसायनांपासून बनवलेली नशा वेगळी, हेरॉईन वेगळं.

मग शिक्षा काढणं आणि विक्रीला परवाना देणं यातला फरक पक्का करा. पोर्तुगालचं नाव सगळे घेतात, पण तिथं 2001 पासून फक्त स्वतःपुरता माल जवळ असणं फौजदारी गुन्हा नाही, विकणं अजून गुन्हाच आहे, मग काळा बाजार संपला कसं म्हणणार? विक्रीचं बोलायचं तर कॅनडा घ्या, 2018 पासून गांजा लायसनच्या दुकानात मिळतो आणि चोरून विकणाऱ्यांचं बरंच गिऱ्हाईक तुटलं. कॅलिफोर्नियात मात्र कर एवढा की चोरटा मालच स्वस्त पडतो.

आता घरचं उदाहरण, हे सोडू नकाच. दारू आपल्याकडं कायदेशीर आहे ना, तरी गोव्याची दारू चोरून येतेच, आजरा चंदगडकडं एक्साईजवाले गाड्या पकडतात ते पेपरात सारखं असतंय, कारण गोव्यात कर कमी. आणि चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी केली ती 2021 ला उठवली, तेव्हा सरकारनं अवैध दारू वाढल्याचंच कारण दिलं. म्हणजे बंदीनं पण चोरधंदा वाढतो आणि भावातल्या फरकानं पण.

आकडे देताना जपून. गांजा बाळगल्याच्या केसेस कमी झाल्या म्हणजे चोऱ्यामाऱ्या कमी झाल्या असं नाही, कायदाच बदलल्यावर त्या केसेस कमी होणारच.

माझं मत विचाराल तर गांजापुरतं, कर हलका ठेवला तर काळा बाजार घटू शकतो, एमडीबद्दल मी तसं अजिबात म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं 2021 ला सगळ्याच ड्रग्जसाठी थोडा माल बाळगण्याची फौजदारी शिक्षा काढली, उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, 2024 ला ते बाळगणं परत गुन्हा ठरवावं लागलं.

म्हणून उपचारावर बोलायला वेळ राखून ठेवा. आपल्याच एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64अ आहे, थोड्या मालासकट सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. कित्येक आईबापांना हे माहीतच नसतं, ते पोलिसांच्या भीतीनं पोराला घरात लपवत बसतात, तेव्हा हॉलमध्ये हे जरा मोठ्यानं आणि सावकाश सांगा.