प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकायला जाताना

मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डांत दोन वर्षे काढल्यावर मी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो, तेव्हा येथे सर्दी-खोकल्यापलीकडे काय पाहायला मिळणार, असा माझा समज होता. वैद्यकीय संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडलेला हिशेब पुढे वाचनात आला: १००० प्रौढांपैकी महिनाभरात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे पाठवला जातो तो एकच. आपण बहुतेक त्या एकाकडे पाहून शिकतो. उरलेल्यांची गाठ केंद्रात पडते.

पहिल्याच आठवड्यात दहा महिन्यांच्या, खोकणाऱ्या बाळाचे श्वास मी पंधरा सेकंद मोजले, चाराने गुणले आणि ४४ असे लिहून मोकळा झालो. शेजारच्या आरोग्यसेविकेने बाळ आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत मला थांबवले, अंगावरचे कपडे वर करायला लावले आणि घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजायला सांगितले. या वेळी आकडा ५२ आला. लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही, त्यामुळे गुणाकार फसवतो. २ ते १२ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास असतील, तर न्यूमोनियाचा विचार करावा लागतो, हे मला पाठ होते. मोजायचे कसे, ते मात्र त्या दिवशी कळले. रक्तदाबाचेही तेच: रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवल्याशिवाय पट्टा बांधू नये.

जमेल तितक्या गृहभेटींना जावे, आणि तेथे बोलणे आरोग्यसेविकेवर सोपवावे. “गोळ्या वेळेवर घेता ना?” या माझ्या प्रश्नाला प्रत्येक घरातून “हो” असेच उत्तर येई, तिने “गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?” असे विचारले की चक्कर येते म्हणून अर्धीच घेतलेली गोळी, संपलेली पाकिटे, सारे बाहेर येई. (परीक्षेत या प्रश्नाला गुण नसतात, हे खरे.)

केंद्रात आलेल्या रुग्णांवर टिपणे लिहिण्यात माझे बरेच दिवस गेले. आता कोणी विचारले, तर मी सांगतो की पहिल्या दिवशीच पाठपुराव्याची नोंदवही मागून घ्यावी आणि ठरलेल्या तारखेला जे आले नाहीत, त्यांची नावे आधी उतरवून घ्यावीत.