इंदुरात मराठी लग्नपत्रिका छापताना टिंब, चंद्र आणि अर्धा र कसे सांभाळावेत

इंदुरात पत्रिका छापणारे कारागीर हाताचे चांगले आहेत. कागद, सोनेरी छपाई, कापणी यांत खोट काढायला जागा नसते. पण मजकूर टाइप करणारा हात दिवसभर हिंदी लिहितो. लिपी एकच, देवनागरी, त्यामुळे आपल्यालाही वाटतं की काही अडणार नाही. अडतं ते अक्षरांच्या डोक्यावरच्या आणि पायाखालच्या खुणांपाशी. पाटीवर 'राजवाड़ा' आणि 'होलकर' वाचायची डोळ्यांना सवय झालेली असते, म्हणून घरच्या पत्रिकेतही ते नजरेतून सुटतं.

एकच उदाहरण बघा. मुलीचे काका सैन्यात कॅप्टन आहेत, नावाआधी 'कॅ.' लिहिलंय. हिंदीत हाच शब्द 'कैप्टन' असा लिहितात, त्यामुळे टाइप करणारा सहज 'कै.' करतो. मराठी वाचणाऱ्याला 'कै.' म्हणजे कैलासवासी. जिवंत माणूस आमंत्रकांच्या यादीत दिवंगत होऊन बसतो, तोही एका चंद्राच्या जागी मात्रा आल्यामुळे.

पहिलं काम: मजकूर स्वतः टाइप करून द्या. हाताने लिहिलेला कागद दिला की तो वाचून पुन्हा टाइप होतो आणि सगळ्या चुका तिथे शिरतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत टाइप करा, त्याची साधी फाइल द्या आणि सोबत पीडीएफ द्या. फाइल मजकूर उचलायला, पीडीएफ ताडून बघायला.

दुसरं काम, आणि हे बहुतेक लोक करत नाहीत: फॉन्ट निवडण्याआधी त्याची परीक्षा घ्या. खालची ओळ प्रेसमध्ये द्या आणि पत्रिकेच्या फॉन्टमध्ये काढून दाखवायला सांगा.

आचाऱ्याने आचार्यांना पुऱ्या, भाकऱ्या आणि गुळाची पोळी वाढली, ॲड. काळे ऑफिसातून बँकेत गेले. वऱ्हाड, ऱ्हस्व, हृदय, वाङ्मय, लक्ष, शाल.

या ओळीत रिकामा चौकोन आला, एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा जाड किंवा बारीक दिसलं, किंवा 'पुऱ्या'तला र उडून डोक्यावर गेला, तर तो फॉन्ट कितीही सुंदर असला तरी सोडून द्या. नक्षीदार फॉन्टांत ही कमतरता फार सापडते. ते हिंदी मथळ्यांसाठी केलेले असतात आणि त्यांत ऱ (ज्यापासून 'पुऱ्या'तला अर्धा र होतो ते अक्षर) आणि ॲ घातलेलेच नसतात.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. तुमचा युनिकोड मजकूर तिथे नेण्यासाठी रूपांतर करावं लागतं, आणि त्या रूपांतरात सगळ्यात आधी ऱ आणि ॲ गळतात. शक्य असेल तर पूर्ण काम युनिकोड फॉन्टमध्येच करून मागा. नाहीच जमलं तर रूपांतरानंतरचा मजकूर पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचा.

आता एकेक खूण.

अर्ध्या र ला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मराठीत त्याच्यामुळे अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' दक्षिणा दिली आणि 'आचाऱ्यास' दक्षिणा दिली, यांत पैसे घेणारा माणूसच वेगळा. जर्मन भाषेत काही स्वरांवर दोन टिंबं देतात, त्यांना उमलाउट म्हणतात. तिथेही 'शोन' म्हणजे 'आधीच' आणि टिंबं दिली की होणारा 'श्योन' म्हणजे 'सुंदर'. पण जर्मनांनी एक सोय करून ठेवली आहे: टिंबं काढता येत नसतील तर त्या स्वरापुढे ई हे रोमन अक्षर लिहायचं. ही टिंबं मुळात स्वराच्या डोक्यावर बारीक काढलेल्या त्याच अक्षरातून आली आहेत, म्हणून ही सोय तिथे सहज बसते. मराठीत अर्ध्या र साठी असा ठरलेला पर्याय नाही. खूण गेली की शब्द गेला.

कुठे रफार (अक्षराच्या डोक्यावर जाणारा र) आणि कुठे अर्धा र, हे ओळखायची सोपी रीत अशी. मूळ शब्दात र पूर्ण असेल आणि पुढे 'या' लागून रूप झालं असेल, तर अर्धा र: पायरी–पायऱ्या, नवरा–नवऱ्या, दुसरा–दुसऱ्या, होणारा–होणाऱ्या. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर रफार: कार्य, सूर्य, ऐश्वर्या, आचार्य. उच्चार करूनही कळतं. 'सूर्य' म्हणताना र च्या आधीच्या अक्षरावर जोर पडतो, 'पायऱ्या' म्हणताना पडत नाही. ह च्या आधी तर जवळजवळ नेहमी अर्धा र येतो: वऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, कऱ्हाड, बऱ्हाणपूर. अपवाद 'अर्हता'सारखे मोजके संस्कृत शब्द. पत्रिकेत 'संपन्न होणाऱ्या शुभविवाहप्रसंगी' आणि 'मंगल कार्यालय' हे दोन्ही असतातच, म्हणजे दोन्ही प्रकारचे र एकाच पानावर येतात.

टाइप कसा करायचा? इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या ठरलेल्या कीबोर्डवर र आहे जे या कळीवर, आणि शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो. मग डी दाबून हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) द्या आणि य किंवा ह टाइप करा. चांगली गोष्ट ही की हिंदीच्या इन्स्क्रिप्टमध्येही ऱ याच कळीवर आहे आणि ळ शिफ्ट धरून एन वर आहे. म्हणजे प्रेसमधल्या माणसाला नवा कीबोर्ड बसवायची गरज नाही, फक्त दोन कळा दाखवायच्या. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९३१ लिहून लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा, तिथे ऱ उमटेल. ०९३३ ने ळ आणि ०९७२ ने ॲ.

काल बरोबर असलेला 'होणाऱ्या' आज 'होणार्या' झाला, ही तक्रार फार होते. कारण असं की अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक ऱ वापरून, जो पक्का. दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण लावून. दिसायला दोन्ही सारखे. पण मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात चिकटवताना ती न दिसणारी खूण कधी कधी गळते आणि र उडी मारून रफार होतो. म्हणून नेहमी ऱ वापरा.

ळ साठी फार सांगायला नको. होळकर, काळे, सकाळी, मंगळवार, फराळ हे शब्द शोधून बघा. 'मंगलवार' आणि 'मंगलाष्टके' एकाच पत्रिकेत असतील तर पहिला चूक, दुसरा बरोबर.

चंद्राचं प्रकरण वेगळं आहे. ॲ आणि ऑ यांना महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत जागा दिली. युनिकोडमध्ये ॲ त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये आला. त्याआधी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवायचे. आज तसं केलं तर पुष्कळ ठिकाणी अ च्या पुढे ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, कारण संगणक ती जोडी चुकीची धरतो. दुसरी चूक म्हणजे ए वर चंद्र असलेलं ऍ वापरणं. मराठीत 'ॲड.' हवं. 'बँक'मध्ये चंद्र आणि टिंब दोन्ही आहेत. तिथे चंद्रबिंदूची एकच कळ वापरा, इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून एक्स. चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे दिले तर काही फॉन्टांत ते एकमेकांवर चढतात. या इंग्रजी शब्दांपलीकडे मराठीत चंद्रबिंदू लागत नाही, म्हणून 'पाँच वाजता' दिसलं की खोडा.

आता टिंब. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, म्हणून 'नांव' आणि 'पांच' नाही, 'नाव' आणि 'पाच'. पण जो अनुस्वार उरला तो कामाचा आहे, आणि पत्रिकेत तो मान राखतो. 'आजोबाच्या आशीर्वादाने' आणि 'आजोबांच्या आशीर्वादाने' यांत फक्त एक टिंब आहे, पण पहिलं वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेरी हाक मारतं. 'यांचे चिरंजीव', 'यांची कन्या', 'आईंच्या', 'काकांच्या' ही सगळी टिंबं बोट ठेवून तपासा. 'चि. सौ. कां.' मधलं टिंबही जाऊ देऊ नका, ते सौभाग्यकांक्षिणीतलं आहे. उलट 'मे' महिन्यावर टिंब चढून 'में' होतं, ते काढा. मुलाचं नाव 'वेदान्त' असेल तर अर्धा न ठेवायचा की नाही हे घरच्यांना विचारा. 'वेदांत' याचा अर्थ 'वेदांमध्ये' असाही होतो, आणि असा फरक दाखवायला अर्धा न लिहिण्याची नियमांत मुभा आहे.

नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, मराठीत नको. हिंदी कीबोर्ड 'गाडी'चं 'गाड़ी' आणि 'वाडा'चं 'वाड़ा' आपोआप करतो. ते शोधून बदला, पण 'सगळे नुक्ते एकदम काढून टाका' असा आदेश कधी देऊ नका. युनिकोडच्या हिशेबात ऱ म्हणजे र आणि त्याखाली नुक्ता. काही प्रोग्रॅम अक्षर आणि नुक्ता सुटे करून साठवतात, आणि तिथे नुक्ते काढले की प्रत्येक ऱ चा साधा र होतो, सगळे अर्धे र एका झटक्यात रफार होतात. म्हणून ड़ आणि ढ़ ही दोनच अक्षरं नाव घेऊन बदला.

ल आणि श यांचं रूप हा शेवटचा मुद्दा. मराठी ल आणि हिंदी ल यांची वळणं वेगळी आहेत, श चंही तसंच, पण युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच आहे. कोणतं वळण दिसेल हे फॉन्टवर आणि मजकुराला लावलेल्या भाषेवर ठरतं. लिबर ऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. ल चं वळण बदललं तर फॉन्टमध्ये मराठी रूप आहे. नाही बदललं तर दुसरा फॉन्ट बघा. वेळ नसेल तर हे सोडलं तरी चालेल, अर्थ बिघडत नाही. पण 'लग्न' हा शब्द मथळ्यात मोठा येणार असेल तर मराठी ल ची शोभा मिळवायला अर्धा तास खर्च करावा.

मजकूर मांडून झाला की शोध घ्या, नुसतं वाचत बसू नका. 'र्य' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी वरची रीत लावा. 'र्ह' शोधा, सापडलेला जवळजवळ प्रत्येक चूक असेल. मग 'ै' ही मात्रा शोधा: वैशाख, कैलास, मैत्रेयी ठीक, 'मैनेजर' आणि 'बैंक' चूक. 'ह्र' सापडला तर 'हृदय' बिघडलंय का ते बघा.

शेवटी पत्रिकेच्या खऱ्या मापात साध्या कागदावर एक प्रत काढून घ्या. पडद्यावर मोठं करून सगळं नीट दिसतं, कागदावर दिसत नाही. सोनेरी फॉइलच्या छपाईत चंद्राची पोकळी भरून जाते आणि 'कॅ.' चा 'कं.' होतो, किंवा टिंब शिरोरेषेला चिकटून नाहीसं होतं. नावं १४ पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका आणि फॉइलसाठी फार जाड किंवा फार बारीक वळणाचा फॉन्ट घेऊ नका. ही प्रत घरातल्या दोघांना वेगवेगळी वाचायला द्या, त्यांतला एक मजकूर आधी न पाहिलेला असू दे. तो नावांपासून सुरुवात करेल आणि नात्यांची टिंबं आधी त्याला दिसतील. त्याच्या खुणा लावून झाल्यावरच प्रेसच्या कागदावर सही करा.