घरातील खोलीत फ्लाइट सिम्युलेटर कसा उभारावा

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर विमान उडवण्यासाठी घरी बांधलेले कॉकपिट, उभारताना पहिले मोजमाप खोलीचे नव्हे, तर बसलेल्या माणसाच्या डोळ्याचे घ्यावे. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरात दहा बाय दहा फुटांच्या खोलीत मी पहिला सांगाडा बांधला, तेव्हा भिंतीपासून मोजत आलो होतो: आधी भिंतीवर पडदा, मग त्याच्या पुढे उपकरणांचे पॅनेल, आणि उरेल त्या जागेत खुर्ची. सांगाडा दिसायला चांगला झाला. परंतु क्षितिज डोळ्यांपेक्षा चार बोटे वर राहिले आणि धावपट्टीवर उतरताना जमीन किती जवळ आली आहे, याचा अंदाज कधीच नीट येईना. तीन आठवड्यांनी तो सगळा उतरवावा लागला. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवानंतर केलेल्या दुसऱ्या बांधणीवर आधारलेले आहे.

सुरुवात करवतीने करू नये. आधी एक साधी जॉयस्टिक घेऊन निदान महिनाभर संगणकावर उड्डाण करावे. फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न लगेच येत नाही. एक्स-प्लेन १२ आणि मायक्रोसॉफ्टचे २०२० व २०२४ चे फ्लाइट सिम्युलेटर विकत घ्यावे लागतात, आणि त्यांना ग्राफिक्स कार्डही दमदार लागते. या महिनाभरात आपला हात वारंवार कोणत्या नियंत्रणाकडे जातो, हे वहीत लिहून ठेवावे. ती यादीच पुढे पॅनेलचा आराखडा होते.

विमान एकच निवडावे, आणि पहिल्या बांधणीसाठी ते सेसना १७२ असावे, असे माझे ठाम मत आहे. अनेकांना थेट प्रवासी जेटचे कॉकपिट खुणावते. परंतु त्याच्या डोक्यावरील एका पॅनेललाच शेकडो तारा लागतात आणि काम अर्ध्यावर थांबते. सेसना १७२ चे पहिले उड्डाण १९५५ मध्ये झाले, आतापर्यंत ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली, आणि तिच्या केबिनची रुंदी जेमतेम १ मीटर असल्यामुळे ती आपल्या इमारतींमधील लहान खोलीतही खऱ्या मापात बसते. शिवाय तिचे वेग लक्षात ठेवायला सोपे आहेत. १७२ एस या प्रकारात ५५ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) नाक उचलायचे, ७४ नॉटला चढायचे, आणि इंजिन बंद पडले तर ६८ नॉटवर घसरत यायचे.

ओळंबा आणि पडदा

आसनासाठी भंगारातून मिळणारी जुन्या छोट्या मोटारीची पुढची सीट उत्तम. तिच्याखालची सरकपट्टीही सोबत मागून घ्यावी, म्हणजे घरातील सर्वांना आपापल्या उंचीप्रमाणे पुढेमागे होता येते. सीट जागेवर ठेवावी, ताठ बसावे, आणि दुसऱ्या कोणाला तरी छतापासून गवंड्याचा ओळंबा सोडायला सांगावे. त्याचे टोक आपल्या दोन भुवयांच्या मध्ये आले, की दोरी तेथेच पक्की करावी. यापुढची प्रत्येक उंची आणि प्रत्येक अंतर त्या टोकापासून मोजायचे.

पडद्याचा मध्य या टोकाच्या उंचीवर ठेवावा, कारण सरळ पाहणाऱ्या दृश्यात सॉफ्टवेअर क्षितिज पडद्याच्या मधोमध दाखवते. अंतराचा हिशेबही कठीण नाही. पडद्याच्या रुंदीच्या निम्म्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागावे, येणाऱ्या संख्येचा व्यस्त टॅन काढावा आणि त्याची दुप्पट करावी. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद असतो. तो ७० सेंटीमीटरवर ठेवला, तर डोळ्याशी साधारण ५४ अंशांचा कोन होतो. एक्स-प्लेनमध्ये दृश्यकोन अंशांतच भरता येतो. तेथे हाच आकडा भरला, की धावपट्टी खऱ्या प्रमाणात दिसू लागते. कोन उगाच वाढवला तर दृश्य भव्य वाटते, पण धावपट्टी दूर आणि बारीक भासते. तीन पडदे कमानीसारखे लावले तर १६० अंशांच्या आसपास दृश्य मिळते, आणि वळण घेताना डाव्या पंखाच्या टोकाकडे नजर टाकता येते. पैसे मोजकेच असतील तर ते या दोन बाजूच्या पडद्यांवर खर्च करावेत.

हे सांगण्याचे कारण असे, की शरीराला उडत असल्याचा भास बहुतांशी डोळ्यांच्या कडांना दिसणाऱ्या हालचालीमुळे होतो. हलणारा प्लॅटफॉर्म बनवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये ऑर्गनमधील भात्यांच्या तंत्रावर हलणारा ट्रेनर बनवला आणि विमान कंपन्यांच्या आजच्या सिम्युलेटरना सहा हायड्रॉलिक किंवा विद्युत पाय असतात, हे खरे; परंतु सातव्या मजल्यावरील खोलीत दीडशे किलोंचा हलता भार म्हणजे खालच्या शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न. त्याऐवजी सीटखाली एक कंपन देणारा स्पीकर बसवावा, त्याच्या आणि फरशीच्या मध्ये जाड रबरी पट्ट्या ठेवाव्यात. इंजिनाची थरथर तेवढ्यानेही पाठीला जाणवते.

सांगाडा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याने लाकूड निवडताना पावसाळा आधी आठवावा. खाडीकाठच्या दमट हवेत एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीच्या, कडा फुगतात आणि त्यांत बसवलेले स्क्रू सैल पडतात. सांगाड्यासाठी १८ मिलिमीटरचे आणि पॅनेलसाठी १२ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या, दर्जाचे पुरते. आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय महाग असले, तरी खिडकीजवळच्या भागासाठी तेच वापरावे. कापलेल्या प्रत्येक कडेला सीलर लावावा.

सांगाडा सुट्या भागांत बांधावा आणि कोणताही भाग ७५ सेंटीमीटरपेक्षा रुंद असू नये, म्हणजे तो इमारतीच्या लिफ्टमधून आणि खोलीच्या दारातून जातो. जोड एल-अँगल आणि नटबोल्टने द्यावेत. फेव्हिकॉल कोठेही लावू नये. सुतारकामाची सवय नसेल, तर मापे काढून प्लाय दुकानातूनच कापून आणावे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या भागांत लेझर कटिंगची आणि फॅब्रिकेशनची कामे करणारे आहेत. त्यांच्याकडे तोंडी माप न सांगता पूर्ण आकाराचा कागदी नमुना घेऊन जावे.

योक, पेडल आणि थ्रॉटल

योक, म्हणजे विमान कलवण्याचे आणि नाक वरखाली करण्याचे हँडल, हा या बांधणीतील सर्वांत आनंददायक भाग आहे, कारण त्याला लागणारी निम्मी सामग्री आपल्या स्वयंपाकघरातच असते. योकला दोन हालचाली हव्यात: पुढेमागे सरकणे आणि डावीउजवीकडे फिरणे. सरकण्यासाठी मॉड्युलर किचनच्या ड्रॉवरला लावतात ती बॉलबेअरिंगची टेलिस्कोपिक चॅनेल घ्यावी. दहा इंचांची एक जोडी एका पाटाच्या दोन्ही बाजूंना समांतर बसवावी. दोन चॅनेलमधील अंतर पुढे आणि मागे मिलिमीटरभराचाही फरक न ठेवता सारखे असले पाहिजे, नाहीतर पाट मध्येच अडकतो. त्या पाटावर २५ मिलिमीटर बाह्य व्यासाचा पाइप दोन ६००५ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये बसवला, की फिरण्याची सोय झाली; या बेअरिंगचे भोक नेमके २५ मिलिमीटरचे असते. पाइप घेताना त्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने तपासावा.

योक मध्यावर परत येण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी ताणून लावाव्यात. स्प्रिंगपेक्षा रबर मऊ ओढते आणि मध्य ओलांडताना खटका जाणवत नाही. हे रबर वर्ष-दीड वर्षात कडक होते, म्हणून त्याचे हुक हाताला पोहोचतील असे ठेवावेत.

पायांनी सुकाणू फिरवणाऱ्या पेडलांची रचना सोपी आहे. मधोमध खिळीवर फिरणारी एक आडवी पट्टी असावी. डावे पेडल पुढे गेले की उजवे मागे यावे. पायाचा जोर आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त असतो, त्यामुळे हा भाग लोखंडी अँगलचाच करावा आणि सीटच्या पायाशी बोल्टने जोडावा. फरशीवर सुटा ठेवलेला पेडलसंच प्रत्येक वळणाला पुढे सरकतो.

इंजिनाची शक्ती कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलसाठी नळीत सरकणारा दांडा आणि त्याला घट्टपणा देणारी नायलॉनची बूच पुरेशी आहे. हात सोडल्यावर तो जेथे आहे तेथेच राहिला पाहिजे.

हालचाल संगणकापर्यंत नेणे

योक आणि पेडलांची हालचाल संगणकाला कळवण्यासाठी एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लागतो. बाजारात आर्डुइनो या नावाने असे अनेक बोर्ड मिळतात आणि येथेच नवा माणूस फसतो. सर्वांत प्रसिद्ध असलेला ऊनो हा बोर्ड संगणकाला सरळ जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. त्यासाठी एटीमेगा ३२ यू ४ ही चिप असलेला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्यावा. आमच्याकडे सुटे भाग ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणण्याची जुनी पद्धत आहे, आणि वस्तू हातात घेऊन पाहता येते म्हणून मी आजही तेथे जातो. दांडा किती फिरला हे बोर्डाला सांगणारा फिरता रोधक, म्हणजे पोटेन्शिओमीटर किंवा ‘पॉट’, घेताना दुकानात ‘१० के लिनिअर पॉट’ असे स्पष्ट मागावे. आवाज कमीजास्त करण्याचा लॉगॅरिदमिक पॉट चुकून आला, तर अर्धा योक फिरवूनही विमान हलत नाही आणि पुढच्या थोड्याशा हालचालीत ते कलंडते.

पॉट सुमारे ३०० अंश फिरतो आणि बोर्ड त्या संपूर्ण फेऱ्याचे १,०२४ भाग करतो. आपला योक त्याला फक्त ९० अंश फिरवत असेल, तर उपयोगात येतात जेमतेम ३०७ भाग, आणि उतरताना नाक धक्क्याधक्क्याने वरखाली होते. यावर उपाय दोन आहेत. योकच्या पाइपवर मोठे आणि पॉटवर लहान दातेरी चाक बसवून फिरणे तिप्पट करावे, किंवा पॉटऐवजी चुंबकाच्या जवळिकीवर चालणारा हॉल सेन्सर वापरावा. हॉल सेन्सरमध्ये काहीच घासत नाही, म्हणून तो झिजत नाही. दमट हवेत पॉटच्या आतील पट्टीवर चढणाऱ्या थराचा त्रासही त्याला नाही. सतत हलणाऱ्या योक आणि पेडलांना हॉल सेन्सर, तर थ्रॉटलला पॉट, अशी विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सोल्डर केला, की आकड्यांची थरथर बरीच कमी होते.

खटक्यांसाठी प्रत्येकाला वेगळी तार ओढत बसू नये. पाच उभ्या आणि पाच आडव्या तारांची जाळी केली, की दहा पिनांवर पंचवीस खटके बसतात. मात्र प्रत्येक खटक्याला १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडलाच पाहिजे, अन्यथा तीन खटके एकाच वेळी चालू असताना चौथाही चालू असल्याचे संगणकाला भासते. दिव्यांसाठी ५ व्होल्टचा तयार, बंदिस्त अॅडॉप्टर घ्यावा. लाकडी सांगाड्यात २३० व्होल्टची उघडी जोडणी कोणत्याही परिस्थितीत करू नये.

उपकरणांची तबकडी खरी बनवण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नये. जुना १९ इंची एलसीडी पडदा पॅनेलच्या मागे बसवावा, त्यावर उपकरणांची चित्रे आणावीत, आणि समोरच्या प्लायला ७९ मिलिमीटरची गोल भोके पाडावीत. विमानातील उपकरणांचे प्रमाण माप ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे जवळपास तेवढेच असते. वरच्या ओळीत डावीकडून वेग, कल आणि उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा आणि चढउताराचा वेग, ही मांडणी बदलू नये.

पहिले उड्डाण

पहिली चाचणी आपल्याच आकाशात घ्यावी. जुहूचा विमानतळ १९२८ पासून आहे, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले होते. तेथून उठावे, ठाण्याची खाडी ओलांडावी, पारसिकचा डोंगर डावीकडे ठेवून दक्षिणेला वळावे आणि नवी मुंबईच्या ३,७०० मीटरच्या धावपट्टीवर उतरावे. या विमानतळावरून प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली, त्यामुळे सॉफ्टवेअर जुने असेल तर तो दिसणार नाही, आणि वेगळे दृश्यसंच भरावे लागतील. काही विनामूल्य भूप्रदेश अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या रडार मोजणीवरून बनलेले आहेत. त्यांत विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी अजून उभी असते. उंची जपून राखावी.

अशा सिम्युलेटरवरील तास वैमानिकाच्या परवान्यासाठी मोजले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याचे २०० तास विमानातच उडावे लागतात आणि नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणारी डीजीसीए फक्त स्वतः मान्य केलेले सिम्युलेटर विचारात घेते. घरातील मुलांना हे आधीच सांगावे.

उड्डाण जमू लागल्यावर पॅनेलची एक परीक्षा घ्यावी, जी खऱ्या वैमानिकांच्या प्रशिक्षणातही असते. डोळ्यांवर रुमाल बांधून सीटवर बसावे आणि घरातील कोणालाही नावे पुकारायला सांगावे: फ्लॅप, इंधन-हवेचे मिश्रण, इंधनाची चावी, लँडिंग दिवा. माझी मुलगी पुकारत असताना माझा हात लँडिंग दिव्याऐवजी सहापैकी चार वेळा पंपाच्या खटक्यावर गेला. दोन्ही खटके डोळ्याने पाहून, एका ओळीत सुबक दिसतील असे बसवले होते. आम्ही चार स्क्रू काढले, दिव्याचा खटका दोन बोटे डावीकडे नेला आणि जुन्या भोकावर पत्र्याची चकती लावली.