वाढत्या वयाच्या मुलीसाठी नीट बसणारी ब्रा कशी घ्यावी

माझ्या थोरलीने भर मे महिन्यात जॅकेट घालायला सुरुवात केली, तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पुण्यातल्या मे महिन्यात जॅकेट कुणी हौसेने घालत नाही. मी मात्र दोन आठवडे "काय ही फॅशन!" म्हणून तिच्यावर करवादत होते. शेवटी एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, ते मागून वर चढतं आणि पट्टे पडतात. सारखं सावरताना सगळ्या बघतात." 'ते' म्हणजे मीच सेलमधून एकगठ्ठा आणलेल्या सहा ब्रा. एकही तिला घालून बघू दिली नव्हती. मापही दुकानदाराने नजरेने ठरवलेलं होतं आणि मी मान डोलावली होती.

त्यानंतर धाकटी, दोन भाच्या आणि शेजारची एक मुलगी, एवढ्या जणींची खरेदी माझ्या हातून झाली आहे. म्हणून आता "साधी कॉटनची घ्या, एक नंबर मोठीच घ्या, वाढत्या अंगाला होईल" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. शाळेचे बूट एक नंबर मोठे घेतले तर पुढे कापूस कोंबता येतो. इथे तसलं काही करता येत नाही.

आधी बोलणं

थोडक्यात आणि एकदाच बोला, दोघीच असताना. मी स्कूटरवर बोलले. ती मागे बसलेली, त्यामुळे एकमेकींची तोंडं दिसत नाहीत आणि सिग्नल सुटला की विषयही सुटतो. "तुझ्या ब्रा नीट बसत नाहीत, ती माझी चूक आहे. शनिवारी नवीन आणू. माप तूच घे." बस, एवढंच. "केवढी मोठी झालीस गं" हे वाक्य गिळून टाका. आजी, मावशी, आत्या कुणीही "आता ओढणी घेत जा" म्हणाल्या तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. पोक काढून चालणाऱ्या मुलीला "ताठ चाल" म्हणून धपाटा घालणंही बंद करा. नीट बसणारी मिळाली की निम्मं पोक आपोआप जातं, हे मी तीनदा पाहिलंय.

घरात आई नसेल तर बाबांनीही हे करायला हरकत नाही. टेप आणि पैसे द्या आणि सोबत कोण हवं ते तिलाच निवडू द्या.

सुरुवात कधी करायची? साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मधे कधीतरी शरीर बदलायला लागतं. पळताना, जिने उतरताना तिला अवघडल्यासारखं होऊ लागलं किंवा तिने स्वतः मागितलं की लगेच. सुरुवातीला साधी स्लिप किंवा बिगिनर्स ब्रा पुरते. तिथे फार डोकं लावायची गरज नाही. हा लेख त्याच्या पुढच्या टप्प्याचा आहे.

माप

शिंप्याकडे असते ती मऊ टेप घ्या, लोखंडी नको. मापं दोन. एक छातीच्या खाली, बरगड्यांवर, श्वास सोडून, टेप अंगाला घट्ट लावून. दुसरं छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पातळ कपड्यावरून, टेप सैलसर ठेवून. दोन्ही वेळा आरशात बघायचं, पाठीमागे टेप खाली घसरलेली नको. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत माप घेऊ नका. बऱ्याच जणींना तेव्हा छाती जड होते आणि माप चुकतं.

आमच्याकडे हे बाथरूमच्या दाराआड झालं. मी फटीतून टेप आत सरकवली आणि बाहेर उभी राहून इस्त्रीवाल्याच्या बिलामागे आकडे लिहिले. आतून पहिला आकडा आला "चोवीस". मी म्हटलं, श्वास सोड म्हटलं होतं, पोट आत घे नाही म्हटलं. मग हसण्याचा आवाज आला आणि तिथून सगळं सोपं झालं.

आकडा आणि अक्षर: इथेच सगळे फसतात

मी इथे वर्षभर फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

३४ बी. यातला ३४ म्हणजे काय? मला वाटायचं, छातीचं माप ३४ इंच. तसं नाही. लेबल नीट वाचा. बऱ्याच लेबलांवर ३४ च्या शेजारी ७५ छापलेलं असतं. हे ७५ सेंटीमीटर म्हणजे छातीखालचं माप, साडेएकोणतीस इंच. म्हणजे छातीखालून पाठीवर जाणाऱ्या ज्या पट्ट्याला आपण ३४ म्हणतो, तो साडेएकोणतीस इंचांच्या बरगड्यांसाठी बनवलेला असतो. जुन्या पद्धतीत खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून हा आकडा काढत. काही कंपन्या आजही तसं करतात, काही काहीच मिळवत नाहीत. म्हणून ३४ हे नुसतं नाव समजा, माप समजू नका. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. जिची ब्रा घेणार तिचाच तक्ता बघायचा.

आता अक्षर. अक्षर सांगतं दोन मापांमधला फरक. ते एकट्याने काहीच सांगत नाही. ३० डी, ३२ सी आणि ३४ बी या तिन्हींच्या कपात जागा जवळजवळ सारखीच असते, बदलतो तो पाठीवरचा पट्टा. हे कळलं त्या दिवशी मला माझ्या सहा ब्रांचं कोडं सुटलं. कप बरोबर दिसत होता, म्हणून मला वाटलं माप बरोबर आहे. पण पट्टा सैल होता. भार पेलायचं काम पट्ट्याचं असतं. तो सैल पडला की सगळं ओझं खांद्यांवरच्या पट्ट्यांवर येतं. मग आई काय करते? खांद्याचे पट्टे आवळते. मीही आवळले. त्याने खांद्यावर वळ उठतात आणि मागची बाजू आणखी वर चढते.

हीच गोष्ट मुलीलाही सांगा, कारण वर्गात 'डी' हे अक्षर कुजबुजत म्हटलं जातं. बारीक बरगड्यांच्या मुलीची ३० डी आणि अंगाने भरलेल्या बाईची ३८ डी यांच्या कपात जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझी थोरली हे ऐकून पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ते फक्त वजाबाकीचं उत्तर आहे?" हो.

तर दुकानात काय करायचं? तक्त्यात निघेल ते माप एक. आणि पट्टा एक पायरी खाली, अक्षर एक पायरी वर, हे दुसरं. तक्ता ३४ बी म्हणत असेल तर ३२ सीसुद्धा मागा. दोन्ही घालून बघू द्या. बारीक मुलींना दहापैकी सात वेळा दुसरंच बसतं, हा माझा अनुभव. दुकानदार म्हणेल, "ताई, सी नाही लागणार हो तिला." त्याच्याशी वाद घालत बसू नका, काढायला सांगा.

घालून बघताना तिने करायच्या चाचण्या मी तिला आधी घरीच सांगून ठेवते, म्हणजे ट्रायल रूमच्या दाराशी उभं राहून ओरडावं लागत नाही:

- आधी ब्रा उलटी घालायची, कप पाठीवर आणि हूक पुढे. आता नुसता पट्टाच कळतो. हूक सहज लागला, दोन बोटं आत सरकली, पण मूठ जात नाही, तर पट्टा बरोबर.
- मग सरळ घालून, सर्वांत बाहेरच्या हूकवर. आतल्या दोन रांगा पुढच्या महिन्यांसाठी असतात, इलॅस्टिक सैल पडत जातं तेव्हा. नवीनच आतल्या हूकवर लागत असेल तर ती सैल आहे.
- दोन्ही हात वर. पट्टा जागचा हलला, तर सैल.
- खांद्याचे पट्टे क्षणभर खाली सोडायचे. सगळंच खाली आलं, तर भार पट्टा पेलत नव्हता, खांदे पेलत होते.
- कपाच्या कडेला चुणी पडली तर कप मोठा, कड रुतली तर लहान.
- शेवटी स्वतःचा टी-शर्ट वरून घालून मांडी घालून बसायचं, वाकायचं, चार उड्या मारायच्या.

एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असणं अगदी सर्रास आहे. मुलींना वाटतं, फक्त आपलंच असं आहे. माप मोठ्या बाजूला धरून घ्या आणि दुसरीकडचा खांद्याचा पट्टा जरा आवळा.

दुकान

ट्रायल रूम नसेल तर तिथे घेऊ नका. एवढी एक अट पाळलीत तरी माझी सहा ब्रांची चूक तुमच्याकडून होणार नाही. 'अंतर्वस्त्रे बदलून मिळणार नाहीत' अशी पाटी बहुतेक दुकानांत असते, आणि ती असणं रास्तही आहे. म्हणून ट्रायल हवीच.

आमची पहिली खेप लक्ष्मी रोडच्या एका बोळातल्या दुकानात झाली. गर्दीची संध्याकाळ. काउंटरवरच्या माणसाने माळ्याकडे तोंड करून हाळी दिली, "चौतीस बी टाक रे, स्किनमध्ये!" वरून खोका धप्पकन आला. शेजारी तिच्या शाळेतल्या एका मुलाची आई उभी होती. थोरलीने त्यानंतर तीन महिने त्या रस्त्याला पाऊल टाकलं नाही. तेव्हा शनिवारी सकाळी दुकान उघडता उघडता जा, बाई विक्रेती असेल असं दुकान बघा, आणि मापं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पुढे करा. मोठ्या मॉलमधल्या दुकानात ती स्वतः रॅकवरून उचलू शकते. माझ्या धाकटीला तेच आवडतं, मी बाहेर चहा पीत बसते. ऑनलाइन मागवायची तर आधी परत घेतात का ते वाचा आणि दोन्ही मापं मागवा.

बाप बरोबर आला असेल तर त्याला पार्किंग शोधायला पाठवा.

काय घ्यायचं

तीन पुरेत. एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. डझनभर घेऊ नका, माप बदलणार आहे. दर चार-पाच महिन्यांनी पुन्हा टेप काढा.

वाढ चालू असेपर्यंत मी तारेची घेत नाही. माप बदललं की तार भलत्या जागी टोचते. छातीने भरलेल्या मुलींसाठी बिनतारेच्याही चांगल्या मिळतात. खालचा पट्टा रुंद, हूक दोन किंवा तीन ओळींचे, खांद्याचे पट्टे रुंद आणि कपाला बाजूने शिवण असलेली बघा. दोऱ्यांसारख्या पट्ट्यांची राहू द्या. पातळ अस्तराची 'पॅडेड' हवी म्हणाली तर घेऊ द्या. तिला टी-शर्टमधून काही दिसायला नको असतं, एवढंच कारण असतं, आणि ते पुरेसं आहे.

शाळेच्या पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा उठून दिसते. तिच्या स्वतःच्या कातडीच्या रंगाशी जुळणारी घ्या. डब्यावर 'स्किन' लिहिलेला गुलाबीसर रंग आपल्याकडच्या बहुतेक मुलींच्या कातडीचा नसतोच. गव्हाळ, तपकिरी छटा मागा.

खेळणाऱ्या मुलीला स्पोर्ट्स ब्रा वेगळी लागते, मापाची, एस-एम-एल वर भागवलेली नको. माझी भाची खो-खो खेळते. ती एकावर एक दोन घट्ट ब्रा घालून सरावाला जायची आणि दम लागतो म्हणून सांगायची. दम खो-खोने लागत नव्हता. स्वतंत्र कप असलेली, मागे हूक असलेली एकच घेतली आणि दोन घालणं थांबलं. खेळ झाला की घामेजलेली काढून बदलायची.

घट्ट ब्राने वाढ थांबत नाही आणि रात्री काढून झोपल्याने काही बिघडत नाही. या दोन्ही गोष्टी कुणीतरी तिला उलट सांगणार आहे, त्याच्या आधी तुम्ही सांगा. मात्र बरोबर मापाची घालूनही मान-खांदे सतत दुखत असतील, खाली पुरळ जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

धुणं

गार पाण्यात, हाताने, पिळायचं नाही. मशीनमध्येच टाकायची तर हूक लावून जाळीच्या पिशवीत. उन्हात इलॅस्टिक मरतं, सावलीत वाळवा.

पण दोरीवर टॉवेलच्या खाली लपवून मात्र वाळवू नका. आमच्या आईच्या घरी तीच पद्धत होती, वर पंचा, खाली आमचे कपडे, आणि पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलसरच. तसेच अंगात घालायचे, मग खाज, मग चोरून पावडर लावणं. आमच्या गॅलरीत आता सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर असतात, बाबांच्या बनियनशेजारी. धाकटीने पहिल्या दिवशी तिच्या ब्रा गुपचूप पंचाखाली सरकवल्या होत्या. मी काही न बोलता पंचा उचलून दुसऱ्या दोरीवर टाकला.