थरांच्या खडकातील बोगद्यात उतरण्यापूर्वी

ग्वाल्हेरहून पाहणीस निघणाऱ्या तुकडीने आदल्या दिवशी किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या चढावर तासभर घालवावा. किल्ला ज्या टेकडीवर आहे त्या गोपाचलाच्या कड्यात विंध्य समूहातील वालुकाश्माचे जवळपास आडवे थर उघडे आहेत आणि एक थर दुसऱ्यावर टेकतो ती रेघ किती लांब धावते, हे तेथे नजरेत बसते. बोगद्याचे छत बहुधा याच रेघेवर सुटते. म्हणून ‘वालुकाश्म आहे, म्हणजे काळजी नाही’ हे वाक्य अपुरे आहे.

कोअरच्या, म्हणजे छिद्रणातून निघालेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांच्या, पेट्या सावलीत आहेत ना, हे आधी विचारावे. शेलची (चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाची) एक पेटी मी मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराच्या गच्चीवर दोन दिवस उघडी ठेवली होती. हातभर अखंड आलेल्या कोअरच्या चकत्या झाल्या. आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याची टक्केवारी, काढताना 10 सें.मी. किंवा त्याहून लांब तुकड्यांचीच बेरीज धरतात, त्यामुळे ती पेटी मोजण्यापुरतीही उरली नाही. कोअर निघताच छायाचित्र घ्यावे, ओल टिकेल असे गुंडाळावे आणि थरांमधील मातीचा पापुद्रा, कितीही पातळ असला तरी, खोलीसह नोंदवावा.

गणित घरीच करून न्यावे. छताचा थर दोन्ही टोकांना घट्ट धरलेली तुळई मानल्यास, स्वतःच्या वजनाने येणारा वाकताण गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) वर्गाप्रमाणे आणि झोल चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे 4 मीटरचा गाळा 6 मीटर केल्यास ताण सव्वादोनपट आणि झोल सुमारे पाचपट होतो. मीटरभर जाडीचा थर मधोमध सुटून दोन अर्धे झाले, तर त्याच गाळ्यात ताण दुप्पट आणि झोल चौपट होतो. रॉक बोल्ट, म्हणजे छतात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळया, थर एकत्र आवळतात किंवा वरच्या पक्क्या थराला टांगतात, म्हणून त्यांची लांबी सुटलेल्या थरापलीकडे पोहोचते का, हे नकाशावर तपासावे.

सोबत लांब पहार असावी. आधार दिलेल्या छताखाली उभे राहून पुढचे छत ठोकावे: खणखणीत आवाज आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर थर सुटला आहे. हेल्मेट, दिवा, वायुमापक यांविषयी वेगळे सांगणे नको. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आत जाऊन शेल भुसभुशीत करते, म्हणून तेव्हा जुन्या नोंदींवर विसंबू नये. छत किती सरकले हे दाखवणाऱ्या विस्थापनमापकाचे पहिले वाचन वहीत उतरल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये.